शुक्र कसा शिकवावा?

पाहुण्याने मुलाच्या हातावर खाऊ ठेवला की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘शुक्रिया बोलो.’ मूल शुक्रिया म्हणतं आणि पळून जातं. शब्द शिकवणं सोपं असतं. त्यामागची भावना कशी शिकवावी, हा प्रश्न आम्हा शिक्षकांना पडतो, तसाच आईबापांनाही पडत असेल.

आम्ही आजवर एकच पद्धत वापरत आलो. आपल्याहून खालच्याकडे पाहा. तुझी चप्पल जुनी आहे, कुणाला तीही नाही. थोरांनी आम्हाला हेच शिकवलं. हदीसमध्येही असा उपदेश आहे. पण तो माणसाच्या हावेला लगाम घालण्यासाठी आहे, असं आम्हाला वाटतं. आम्ही मात्र त्याची मोजपट्टी करून मुलांच्या हाती दिली.

आमचं गाव यंत्रमागांचं. एकदा तिसरीच्या वर्गात आम्ही विचारलं, ‘तुम्ही अल्लाहचा शुक्र कशासाठी अदा कराल?’ एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, मेरे अब्बा के दोनों हाथ सलामत हैं.’ आमच्या शिकवणीप्रमाणे उत्तर बरोबर होतं. पण त्याच्याच बाकावर असा एक मुलगा होता, ज्याच्या वडिलांची बोटं मागावर गेली होती. त्याने मान खाली घातली. आता त्याने कुणाकडे पाहून शुक्र मानायचा? दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहिलेलं समाधान हे समाधान असतं का? त्या दिवशी चूक मुलाची नव्हती, आमची होती.

कुरआनच्या 31 व्या सूरहमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात. त्याच उपदेशाच्या ओघात अल्लाहचा आणि आईवडिलांचा शुक्र मानण्याची आज्ञा एकत्र येते. तिथे कुणाशी तुलना नाही. आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत मूल पोटात वाढवलं आणि दूध पाजलं, याची आठवण आहे. म्हणजे शुक्राची सुरुवात आपल्यासाठी कोण झिजलं, हे ओळखण्यापासून होते.

मग आम्ही प्रश्न बदलला. ‘आजची खिचडी तुमच्या ताटात कशी आली?’ मुलं मोजू लागली. तांदूळ पिकवणारा शेतकरी, पोती उतरवणारा हमाल, सकाळपासून चुलीपाशी धुरात बसलेल्या खाला. दुसऱ्या दिवशी दोन मुली खालांना पाण्याचा तांब्या नेऊन देताना दिसल्या. आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं.

तरीही एक पेच उरतोच. एके दिवशी तांदळाला कुबट वास येत होता. एका मुलीने तसं म्हणताच शेजारची म्हणाली, ‘नाशुक्री मत कर.’ आम्ही दचकलो. आपण मुलांना समाधान शिकवतो आहोत की गप्प बसणं? गरिबाच्या मुलाला तर समाधानाचे धडे जरा जास्तच मिळतात. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. ती खिचडी ही कुणाची मेहेरबानी नाही, तो मुलांचा हक्क आहे. आम्ही त्या मुलीला शाबासकी दिली, वर्गासमोर तांदूळ हुंगून पाहिला आणि तिला सोबत घेऊन हेडमास्तरांकडे गेलो.

कनाअत म्हणजे आपल्या हावेला आवर. आपल्या वा दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडणं म्हणजे कनाअत नव्हे. एवढा फरक मुलांना कळतो, फक्त आधी तो आपल्याला कळला पाहिजे. खालांचे आभार मानणारं मूलच तांदूळ खराब आहे हेही सांगू शकतं. किंबहुना ज्याला खालांच्या कष्टाची किंमत कळते, त्यालाच त्यांच्या हाती सडका तांदूळ दिल्याचा राग येतो.

मान खाली घातलेल्या त्या मुलाला आम्ही पुढे काही दिवसांनी तोच प्रश्न नव्या तऱ्हेने विचारला. तो म्हणाला, ‘अब्बा बाएँ हाथ से मेरा बस्ता उठाते हैं.’