दंड आणि दया : पोलिसांच्या कामाची वाटणी

गावावर कसलीही विपत्ति ओढवो, शेवटी निरोप एकाच दाराशी जातो. गोठ्यातून बैल चोरीस गेला, धुऱ्यावरून भावाभावांत काठ्या चालल्या, लेकरू हरवले, कोणी विहिरीत पडला, कोणी फवारणीचे औषध प्यायला, यात्रेत गर्दी फार झाली, निवडणूक आली, की ठाण्याकडे माणूस धाडावयाचा. आणि ठाण्यातून जो येतो तोही बहुधा एकच असतो. सकाळी ज्या बीट जमादाराने दारूच्या भट्टीवर छापा घातला, त्यालाच दुपारी विधवेच्या अंगणात बसून मर्गाचा पंचनामा लिहावा लागतो, आणि सायंकाळी त्यालाच बंदोबस्तास उभे राहावे लागते. एका मनुष्याने ही सर्व कामे करावी काय? की पोलीस खात्याची फोड करून तपास करणारे निराळे, गर्दी आवरणारे निराळे, आणि दुःखिताच्या दारी जाणारे निराळे असे करावे? हा सरकारदरबारचा प्रश्न, त्याचे आपणांस काय, असे कित्येक वाचकांस वाटेल. आमच्या मते हा प्रश्न मुळात मनुष्याच्या अंतःकरणाविषयी आहे. आणि ज्या सेवकांस आपल्या मंडळीतील गोरगरिबांसोबत ठाण्याची पायरी चढावी लागते, त्यांस तर तो फारच जवळचा आहे.

विषय नवा नाही. १८६१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने पोलीस खाते उभारले तेव्हा राज्याचा दरारा राखणे हेच त्याचे मुख्य काम होते. पुढे १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांच्या चौकशीसाठी कमिशन नेमण्यात आले. हे गृहस्थ पूर्वी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. आणि आपला बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडत होता तो वऱ्हाड त्याच सुमारास, १९०३ साली, मध्यप्रांतास जोडला गेला. कमिशनने पोलिसांच्या अपुऱ्या शिक्षणाविषयी, लाचलुचपतीविषयी व जुलुमाविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले, आणि प्रत्येक प्रांतात गुन्ह्यांच्या तपासाचे एक वेगळे खाते असावे अशी शिफारस केली. हल्ली ज्यास लोक सी. आय. डी. म्हणतात, त्याचा उगम हा आहे. परंतु गावच्या ठाण्यात काही वाटणी झाली नाही. तेथे सर्व कामे एकाच खुंटीवर टांगलेली राहिली.

मग प्रकाश सिंग नावाच्या एका सेवानिवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायालयाने ज्या आज्ञा दिल्या त्यांत एक अशी होती की, तपास करणारे पोलीस व शांतता-सुव्यवस्था राखणारे पोलीस वेगळे करावे, म्हणजे तपास लवकर होईल, त्यात कौशल्य येईल, व लोकांशी पोलिसांचा संबंध सुधारेल. मात्र प्रारंभ दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करावा. आता २०११ च्या खानेसुमारीत आपल्या सबंध जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली; परंतु बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर ह्यांपैकी एकही नगर दहा लाखांच्या जवळपास फिरकत नाही. म्हणजे ह्या आज्ञेचा प्रकाश प्रथम मुंबई, पुणे, नागपूर ह्यांवर पडावयाचा, आणि मेहकर-लोणारकडच्या खेड्याने वाट पाहावयाची. शहरांत गुन्हे गुंतागुंतीचे असतात, शिपाईही पुष्कळ असतात, म्हणून तेथे आरंभ करणे सोपे, हे आम्ही नाकारीत नाही. लहान ठाण्यात मूठभर माणसे. त्यांची तीन भागांत वाटणी केली तर तिन्ही भाग लंगडे होतील, ही अडचण खरीच आहे. तथापि शहरात एक दार बंद झाले तर मनुष्य दुसरे ठोठावू शकतो. खेड्यात दुसरे दारच नसते.

वाटणी नसल्यामुळे काय होते ते पाहू. १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे जिजामातेच्या जन्मोत्सवास मोठा समुदाय लोटतो. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते. शेगावी तर वर्षभर रीघ असते. प्रत्येक वेळी ठाण्याठाण्यांतून माणसे बंदोबस्तास जातात, आणि ज्याच्या हाती एखाद्या गरिबाच्या फिर्यादीचा तपास असतो तोही त्यांच्यात जातो. तोवर कागद बस्त्यात राहतात. साक्षीदाराची आठवण शिळी होते. आरोपीचे सोयरे त्याच्या घरी दोनदा चहा पिऊन येतात. फिर्यादी मजुरी बुडवून ठाण्यात येतो आणि साहेब बंदोबस्तास गेले हे ऐकून परततो. कोणी लाच घेतली नाही, कोणी दुष्टावा केला नाही, तरी न्याय बुडाला. लूकाच्या शुभवर्तमानात ज्या विधवेचा दृष्टांत आहे तिला निदान न्यायाधीश आपल्या जागी बसलेला सापडत होता!

तेव्हा तपासाचे माणूस तपासालाच असावे, ह्याविषयी आमच्या मनात संशय नाही. जो कठीण प्रश्न आहे तो पुढेच आहे. दंड करणारा आणि धीर देणारा हे दोन मनुष्य असावे, की एकच?

आपल्या कायद्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिलेले आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराविषयीचा २०१२ चा कायदा सांगतो की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी घ्यावा, होता होईल तो स्त्री अंमलदाराने घ्यावा, व जबाब घेताना पोलिसाच्या अंगावर वर्दी नसावी. २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक ठाण्यात मुलांच्या कामासाठी एक अंमलदार नेमून दिला आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याप्रमाणे, वेड लागून भटकणारा मनुष्य पोलिसांस आढळला तर त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोंचविले पाहिजे; कोठडीत डांबता कामा नये. सैलानीस दूरदूरचे लोक आपल्या भ्रमिष्ट आप्तांस घेऊन येतात हे आपल्या जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. गर्दी मागे लोटण्यासाठी ज्याने हातात काठी घेतली आहे, त्यालाच तशा एखाद्या हरवलेल्या जिवाशी मृदुपणे बोलावयाचे असते. अमेरिकेतील यूजीन नावाच्या शहरात अशा कामासाठी १९८९ पासून शिपायाऐवजी एक वैद्यकी जाणणारा व एक समजूत घालण्यात कुशल असे दोन मनुष्य बिनहत्यारी पाठविले जात असत. तीस वर्षांवर ती रीत चालली आणि २०२५ साली पैशाच्या अडचणीमुळे त्या शहरात बंद पडली. दयेचे खाते उभारणे सोपे आहे. दरवर्षी त्याचा खर्च मंजूर करणे कठीण आहे.

वर्दी उतरविण्याची ही आज्ञा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आपला पोशाख पाहून निर्दोष लेकरूसुद्धा भिते, हे राज्याने स्वतःच्या कायद्यात लिहून दिले आहे. परंतु मग विधवेचे काय? २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. अशा प्रत्येक मृत्यूनंतर पोलिसाला यावे लागते. कायदाच तसा आहे. कर्ज किती होते, दारू पीत होता काय, घरात भांडण झाले होते काय, हे त्याने विचारलेच पाहिजे, कारण घातपात नाही अशी खात्री त्याला करून घ्यावयाची असते. तो कठोर आहे असे नाही. त्याच्या हातातील कागदच तसा आहे. पण प्रेत अजून घरी आले नाही अशा घटकेस ते प्रश्न त्या बाईला आरोपासारखे लागतात. तेथे वर्दी उतरवा असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही. पंचनामा लिहिणाऱ्याबरोबर दुसरे एक मनुष्य, होईल तर स्त्री, केवळ त्या घरासाठी यावे, ही वाटणी आम्ही सर्वांत अगोदर मागू.

येथे एक भय आहे, आणि ते आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. दया ही एका खात्याकडे सोपविली, तर बाकीच्या खात्यांत ती उरेल काय? ज्याला मृदु बोलण्याचे प्रसंगच येत नाहीत, ज्याच्या वाट्यास केवळ काठीच आली, तो दहा वर्षांनी कसा मनुष्य होईल? शिवाय वाटणी झाली की ‘हे माझे काम नव्हे’ हे वाक्य जन्मास येते. येशू गालीली आहे असे कळताच पिलाताने त्याला हेरोदाकडे धाडले; हद्दीचा नियम त्याला सोयीचा पडला. यरीहोच्या वाटेवरील याजक व लेवी ह्यांचीही कामे नेमलेली होती, आणि जखमी मनुष्य त्यांत बसत नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने हद्दीची सबब काढून टाकली आहे: गुन्हा कोठेही घडो, कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतलीच पाहिजे. हे सेवकांनी ध्यानात ठेवावे व जरूर पडेल तेथे नम्रपणे बोलून दाखवावे. पण हद्दीची सबब गेली म्हणून खात्याची सबब जाईलच असे नाही.

पौलाने रोमकरांस लिहिताना तरवार बाळगणाऱ्या अधिकाऱ्याविषयी जे सांगितले त्यात, तो आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे असेही म्हटले आहे. म्हणजे शासन करणारा हात आणि हित करणारा हात एकाच शरीराचे. मग वाटणी करावयाची ती कशाची?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ह्याचे उत्तर आम्हांस सापडते. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात हेल्लेणी विधवांची उपेक्षा होऊ लागली. कुरकुर झाली. तेव्हा प्रेषितांनी कामाची वाटणी केली: वचनाची सेवा आपल्याकडे ठेवली, व पंगतीच्या कामासाठी सात पुरुष निवडविले. आता दोन गोष्टी पाहा. पंगत वाढणारा मनुष्य हिशेबात हुशार असला म्हणजे झाले असे प्रेषित म्हणाले नाहीत. तो आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावा, असे म्हणाले. काम वेगळे झाले, अंगची पात्रता वेगळी झाली नाही. म्हणूनच सातांपैकी स्तेफनाने सभेपुढे साक्ष दिली, आणि फिलिप्प गज्जाच्या वाटेवर कूशी अधिकाऱ्याच्या रथात जाऊन बसला. हे आमच्या खात्यात नाही असे दोघांपैकी कोणी म्हटले नाही. दुसरी गोष्ट, त्या सातांची नावे सगळी हेल्लेणी आहेत, आणि शेवटचा निकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, यहूदी मत स्वीकारलेला होता. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्याचपैकी माणसे कामावर नेमली गेली.

पोलिसांविषयी आम्ही हेच म्हणतो. तपास, बंदोबस्त, मुलांचे काम, शोकग्रस्तांचे काम ही निरनिराळ्या हातांत जावी. परंतु बंदोबस्ताच्या शिपायालाही विधवेशी कसे बोलावे हे शिकविले जावे, आणि काही काळाने त्याची बदली त्या कामावर व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने दोन शाखा वेगळ्या करावयास सांगताना त्यांच्यात पूर्ण मेळ राहावा असेही सांगितले होते. तो भाग लोक बहुधा विसरतात.

आणखी एक गोष्ट आमच्या मंडळ्यांस सांगितलीच पाहिजे. कोणतीही वाटणी म्हटली की रेघ आली, आणि रेघ आली की कोणी तरी तिच्याबाहेर राहतो. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचाराचा कायदा १९८९ चा आहे. त्याखालील १९९५ च्या नियमांनी, असा तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अंमलदाराने करू नये असे ठरविले. गावातल्या दबावापासून तपास दूर न्यावा हा हेतु उत्तम. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जात नाही. पाणवठ्यावर त्याचा अपमान करणारा त्याचा नवा धर्म विचारीत बसत नाही. कायदा मात्र विचारतो. आणि मग त्याची फिर्याद वरिष्ठ अंमलदाराकडे न जाता त्याच ठाण्यातील त्याच टेबलावर येते. जळगाव जामोद व संग्रामपूरकडील आपल्या आदिवासी बंधूंची गोष्ट निराळी आहे. अनुसूचित जमातींस धर्माची ती अट नाही, म्हणून ख्रिस्ती झाल्यानेच त्यांचे हे संरक्षण जात नाही. सेवकांनी हा भेद नीट समजून घ्यावा, कारण फिर्याद लिहून देताना एका शब्दाने पुढचा सारा रस्ता बदलतो. जेथे विशेष दार आपल्यासाठी उघडत नाही तेथे साधे दार तरी नीट उघडावे, हे मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे.

गावात एक अंमलदार असा आहे की ज्याच्या कामाची वाटणी कोणी करू शकणार नाही. तो पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली आता ही नेमणूक होते. तो सबंध दिवसाचा पोलीस नाही, त्याच्यापाशी वर्दी नाही, बंदूक नाही. गुन्ह्याची खबर देणे, तंटा पेटण्यापूर्वी कळविणे, अकस्मात् मृत्यूची वर्दी ठाण्यात पोहोंचविणे ही त्याची कामे. विधवेच्या अंगणात जमादाराच्या आधी तो पोहोंचतो, आणि जमादार गेल्यावरही त्याच गावात राहतो. ह्या जागेवर स्त्रियांचीही नेमणूक होते. जागा रिकामी झाली म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीतून जाहिरात निघते. मंडळीतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी ती वाचावी, आणि अर्ज लिहिण्यास सेवकांनी त्यांस साहाय्य करावे.