अर्ध्या पुण्याचा प्रश्न

तीर्थयात्रेचे फल कोणास किती मिळावे, ह्याचा जो हिशेब आपल्या स्मृतिकारांनी व त्यांच्यामागून आलेल्या निबंधकारांनी मांडून ठेवला आहे, तो वाचताना प्रथम नवल वाटते आणि मग आदर वाटू लागतो. जो केवळ तीर्थाच्याच ओढीने घर सोडतो, त्यास संपूर्ण फल. जो दुसऱ्याकरिता व दुसऱ्याच्या द्रव्याने जातो, त्यास सोळावा हिस्सा. आणि जो भलत्याच कामासाठी निघाला असता वाटेत तीर्थ लागले म्हणून स्नान करतो, त्यास अर्धे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात हा सारा विषय विस्ताराने मांडला आहे. ज्या शास्त्राला आपण कठोर म्हणतो, त्याने मिश्र हेतूने आलेल्या माणसास दारातून परत लावले नाही, अर्धे पुण्य त्याच्या पदरात टाकून त्यास आत घेतले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु त्या अर्ध्याने प्रश्न मिटत नाही. उरलेले अर्धे कोठे जाते, आणि ते मिळविण्याचा काही मार्ग आहे की नाही?

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचला नाही. लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातील आमचे गाव. येथील मुले पुण्यास नोकरीस लागली, हाती चार पैसे खेळू लागले, आणि आता दसऱ्याच्या सुमारास घरोघर बेत चालतो तो असा, की तीन-साडेतीन आठवड्यांची रजा काढावी, दिल्ली पाहून हरिद्वारास व तेथून केदारनाथास जावे, मग काशी-प्रयाग करावे, तेथून दक्षिणेस मदुरा व रामेश्वर गाठावे, आणि हाताशी काही दिवस उरलेच तर चेन्नईहून विमानाने अंदमानास जाऊन समुद्रही पाहून यावे. शहरे, पर्वत आणि बेटे अशी ही एकाच दोऱ्यात ओवलेली यात्रा. हिच्यात देव आहे, हौस आहे, मुलांना देश दाखविण्याची इच्छा आहे आणि म्हाताऱ्या आईला काशी घडविण्याचे जुने वचनही आहे. हिला यात्रा म्हणावे की सहल, ह्यावर पारावर वाद होतो आणि तो निकालात निघत नाही.

एक पक्ष असे म्हणतो, की जाण्याचीच गरज काय? श्रीशैलाचा मल्लिकार्जुन आमच्या गावात पुष्करिणीच्या काठी नांदतो आहे. काशीचा कोतवाल जो काळभैरव, तोच येथे भैरवनाथ होऊन गावाची राखण करतो. आणि त्या पुष्करिणीजवळ जो यज्ञवराह उभा आहे, त्याने तर सारी पृथ्वीच पाण्यातून वर काढली, मग तिच्यावरील तीर्थे काय वेगळी राहिली? ह्या बोलण्यात तथ्य आहे. ज्यांनी ही मंदिरे उभारली, त्यांनी दूरची क्षेत्रे जवळ आणण्यासाठीच ती उभारली असावीत. पण पंढरी सोडून तीर्थांस निघताना नामदेव व्याकूळ झाले, ह्याचे वर्णन त्यांच्या नावावरील तीर्थावळीच्या अभंगांत आहे, आणि तेथे त्यांना नेण्याचा आग्रह धरणारे ज्ञानदेव आहेत. ज्ञानदेवांना पंढरीत देव कमी पडत होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांना हवा होता तो नामदेवांचा वाटेतील सहवास. घरी ज्याच्याशी आपण बोलतच नाही, त्या भावाशी वाटेवर मजलदरमजल बोलणे होते. तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामतीस, सणसरास, निमगाव केतकीस आणि इंदापुरास येते, तेव्हा त्या दिंड्यांतून चालणाऱ्यांना विठ्ठल पुढे भेटणार असतो हे खरे, पण शेजारचा वारकरी त्यांना आधीच भेटलेला असतो.

दुसरा पक्ष अधिक खोल जातो. त्याचे म्हणणे असे, की इतकी आखणी हाच अश्रद्धेचा पुरावा होय. अमुक तारखेस अमुक गाडी, अमुक मुक्काम, परतीचे तिकीटसुद्धा हातात. मग देवाच्या इच्छेस जागा कोठे ठेवली? ह्या आक्षेपास मी हलका मानीत नाही. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात योगारूढ पुरुषाचे लक्षण सांगताना सर्व संकल्पांचा संन्यास हेच सांगितले आहे. आणि तरीही आपले कोणतेही धर्मकृत्य संकल्पावाचून आरंभ होत नाही. उजव्या हाती उदक घेऊन यजमानास प्रथम आपण कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीस बसलो आहोत हे मोठ्याने सांगावे लागते, आणि मग ते उदक सोडावे लागते. देश व काळ ह्यांची इतकी काटेकोर नोंद करून, तीच हातातून खाली सोडून देणे, ह्या एका कृतीत मला ह्या वादाचे उत्तर दिसते. जो काही आखीतच नाही, त्याच्यापाशी सोडण्याजोगेही काही नसते.

जिरायत शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. मृगाचा पाऊस येईल की नाही हे त्याच्या हाती नाही. म्हणून तो बियाणे आणून ठेवायचे, पाळी घालायची, तिफण नीट करायची थांबवीत नाही, आणि पाऊस न आल्यास आपली तजवीज फुकट गेली म्हणून आभाळाशी भांडतही नाही. यात्रेच्या आखणीतही हीच वृत्ती हवी, कारण येथे काळ स्वतःच आडवा येतो. केदारनाथाची दारे भाऊबीजेस बंद होऊन देव उखीमठास उतरतो. काशीस जावे तर कार्तिकात, जेव्हा पौर्णिमेस सारे घाट दिव्यांनी उजळतात. आणि त्याच आश्विन-कार्तिकात रामेश्वराकडे ईशान्येचा पाऊस व वादळे सुरू होतात. केदार, काशी आणि बेटे ही तिन्ही एकाच पंधरवड्यात प्रसन्न सापडावीत असा महिना पंचांगात नाही. २०१३ च्या जूनमध्ये केदारखोऱ्यात जो जलप्रलय झाला, आणि १९६४ च्या डिसेंबरात पांबन बेटाच्या टोकाशी धनुष्कोडी जशी एका रात्रीत उद्ध्वस्त झाली, उतारूंनी भरलेली आगगाडीसुद्धा ज्या लाटांनी गिळली, ते आठवले म्हणजे तीन आठवड्यांच्या तक्त्यातील प्रत्येक रकाना किती नम्रतेने भरावयास हवा हे कळते.

पूर्वजांची यात्रा निर्भेळ होती, हा मात्र आपला समज आहे. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेस निघाल्या, त्या उदेपूर, जयपूर, मथुरा करीत प्रयाग, काशी, गया साधून १७३६ च्या उन्हाळ्याअखेर परतल्या. ह्या बाईंची कन्या भिऊबाई आमच्या बारामतीच्या जोशी नाइकांच्या घरात दिलेली, म्हणून ह्या यात्रेची गोष्ट ह्या भागास परकी नाही. वाटेत रजपूत राजांनी त्यांचा जो आदरसत्कार केला, त्यात मराठ्यांच्या दौलतीचे राजकारणही साधले गेले. मग त्यांना पुण्य किती? माझ्या मते मातोश्रींचे संपूर्ण, आणि त्या यात्रेचा राजकीय लाभ मोजणाऱ्या मुत्सद्द्यांचे फार तर अर्धे.

ह्याहूनही मला विष्णुभट गोडसे ह्यांची यात्रा विचार करण्याजोगी वाटते. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब ब्राह्मण, घरावर कर्ज, म्हणून बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असे ऐकून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेस निघाला. म्हणजे हेतू सरळ द्रव्याचा. स्मृतीच्या हिशेबाने हा अर्ध्याचाच धनी. पुढे बंडाच्या वणव्यात तो सापडला, झाशीचा वेढा आतून पाहिला, पुन्हा पुन्हा लुटला गेला. जे मिळवावयास गेला होता ते जवळजवळ सर्व गेले. पण आईबापांना गंगास्नान घडवावे ही जी दुसरी इच्छा त्याने मनात धरली होती, ती त्याने सोडली नाही, आणि गंगेची कावड खांद्यावर वाहून घरी आणली. त्याचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या यात्रेचा मुख्य बेत बुडाला आणि गौण बेत तडीस गेला. आणि उरलेले अर्धे पुण्य कोठे असते ते ह्या एका माणसाने दाखवून दिले, असे मला वाटते. ते वाटेवर कोणासाठी काय वाहून आणले ह्यात असते. एकनाथांनी रामेश्वरास न्यावयाची गंगा तहानेल्या गाढवास पाजली, ही कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा त्यांनी ती कावड तोवर किती दूर वाहिली होती हे सांगावयास विसरतो. त्या वाहण्यावाचून त्या पाजण्याला काय अर्थ राहिला असता?

म्हणून आमच्या मुलांच्या तीन आठवड्यांच्या आखणीस मी विरोध करीत नाही, अंदमानाससुद्धा नाही. ज्या तुरुंगात सावरकर बंधूंनी वर्षे काढली, ज्याच्या सात शाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत, तो तुरुंग पाहण्यास जाणारा मराठी माणूस तीर्थासच जातो. त्याच दिवशी सायंकाळी मुले वाळूत खेळली तर त्याचे अर्धे पुण्य कोणी कापून घेणार नाही. माझी सूचना एवढीच, की जुन्या विधीतील दोन गोष्टी ह्या नव्या तक्त्यात घ्याव्यात. एक अशी, की यात्रेकरूने निघण्यापूर्वी उपवास, गणेशपूजन, घृतश्राद्ध करावे, गावाला प्रदक्षिणा घालावी, आणि पहिल्या दिवशी एका कोसाहून दूर न जाता शेजारच्या गावी मुक्काम करून तेथे पारणे फेडावे, असे शास्त्र सांगते. एका दिवसात विमानाने हजार कोस जाणाऱ्यास हा एक कोस हास्यास्पद वाटेल. पण निघालेले मन आणि मागे राहिलेले घर ह्यांना परस्परांची सवय होण्यास, देणेघेणे आठवण्यास, कोणाशी अबोला असेल तर परत जाऊन तो सोडण्यास तेवढे अंतर हवेच.

दुसरी गोष्ट त्याच पुण्याच्या हिशेबात आहे. जो येऊ शकत नाही त्याच्याकरिता, आई, बाप, भाऊ, मित्र किंवा गुरू ह्यांना उद्देशून, दर्भाची प्रतिमा करून ती तीर्थात बुडवावी किंवा त्याच्या नावाने स्वतः बुडी घ्यावी, म्हणजे त्यास आठवा हिस्सा मिळतो, काहींच्या मते बारावा. गुडघ्यांमुळे केदार चढू न शकणारी आजी, गोठ्यातील जनावरे सोडून जाता येत नाही म्हणून मागे राहिलेला थोरला भाऊ, परक्याच्या शेतावर रोजगारास जाणारी ती बाई जी ह्या तीन आठवड्यांत घराची देखभाल करणार आहे: ह्यांची यादी गाडीच्या तिकिटांआधी लिहून काढावी, आणि प्रयागास, रामेश्वरास, मंदिरातल्या बावीस तीर्थकुंडांपाशी व बाहेरच्या समुद्रात, कोणाच्या नावाची बुडी कोठे घ्यावयाची ते तक्त्यात तारखेपुढे नमूद करावे.