सृष्टीचे नियम निराळे असते तर?

"सृष्टीचे नियम तिळभर बदलले असते तर जीव उपजलाच नसता," असें आम्ही पुष्कळदां म्हणतों. ह्यास आधार आहे. ताऱ्यांच्या पोटीं कार्बन विपुल निपजतो, त्या अर्थीं त्याच्या अणुगर्भांत अमुक एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असें फ्रेड हॉइल यांनीं ताडिलें, व १९५३ सालीं प्रयोगांत ती सांपडली.

परंतु तिळभर नव्हे, एक अख्खें बलच काढून टाकिलें तर? ज्यावांचून आपला सूर्य जळत नाहीं तें दुर्बळ बल वगळूनही, इतर राशी बेतानें जुळविल्यास, तारे दीर्घकाळ तेवतील व कार्बनही घडेल, असें हार्निक, क्रिब्ज व पेरेझ यांनीं २००६ सालीं गणितानें दाखविलें. जुळणी तेथेंही सुटली नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें! तेथें जीव उपजेलच, असेंही नव्हे. तरी कर्त्याविषयींची आपली खात्री ज्यानें असल्या एका हिशेबावर टांगिली, त्याला आम्ही काय उत्तर द्यावें?