दुसरा पाय

मे महिन्यातली जळगावची दुपार. पारा 44च्या पुढे, कुलर घरघरतोय, उन्हात निघायची कुणालाच घाई नाही. उंच पलंगाच्या कडेवर नीट मागे सरकून बसा. दोन्ही पाय लोंबते राहू द्या. हात मांडीवर.

आता उजवा गुडघा सावकाश सरळ करा. तळहाताखाली मांडी घट्ट होते, वाटी किंचित वर ओढली जाते. नुसतं पायाचं वजन पेलून गुडघा पूर्ण सरळ झाला, तर स्नायूंची ताकद मोजायच्या 0 ते 5च्या श्रेणीत 3 गुण मिळाले. धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजमध्ये असो की यावलच्या छोट्या दवाखान्यात, मोजपट्टी हीच. पुढचे गुण घोट्याच्या वर दुसऱ्याने हात दाबल्यावर ठरतात.

कुणाला तरी तसं दाबायला सांगा. लक्ष मात्र डाव्या पायाकडे ठेवा.

तो स्वस्थ बसत नाही. अंगठा जमीन शोधतो, टाच मागे पलंगाला टेकू पाहते. का? उजवा पाय वर रेटला की धड मागे ढकललं जातं, बूड उचलू लागतं. ते धरून ठेवायला काहीतरी हवं. केळीच्या बागेत खांद्यावर घड घेऊन उठणाऱ्या माणसाचा मागचा पाय बघा, चिखलात कसा रुतवलेला असतो.

डाव्या पायाखाली स्टूल सरकवा. पुन्हा दाब. कंबर स्थिर वाटते का? मग टाच पलंगाच्या पायात अडकवून बघा. डाव्या मांडीची मागची बाजू घट्ट होऊन कामाला लागते. उजव्याचा जोर वाढल्यासारखा वाटेल. गुडघा तोच, आधार निराळा.

मागे रेलू नका, बरं का. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एक खुब्यावरून येतो; रेललं की तो लांबतो, त्याला जास्त जोर मिळतो. अशक्त गुडघा ही चलाखी न शिकवता करतो.

थोडं थांबा. डावा गुडघा दुखरा असेल तर? तो आधार द्यायला कचरेल आणि गुण उजव्याचे कापले जातील. केसपेपरवर मात्र ‘उजवा 4’ एवढंच उरतं. त्याशेजारी ‘डावा लोंबता’ किंवा ‘डावा स्टुलावर’ असं लिहायला कितीशी शाई लागते?

स्टूल काढा, बाजू बदला. डावा उचला, आणि या वेळी उजव्याला लोंबतंच राहू द्या. जमतंय का बघा.