डाव सोडण्याची मुभा

शेतीला जुगार म्हणण्याची आपल्याकडे इतकी सवय जडली आहे की ती उपमा तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. तेलंगणात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर आदिलाबादच्या दक्षिणेस वसलेल्या इचोड्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि लंबाडी अशा चार भाषा कानी पडतात. आणि मृग नक्षत्राच्या तोंडावर या चारही भाषांतले कास्तकार सरकीची पाकिटे घरात ठेवून आभाळाकडे पाहू लागतात, तेव्हा बाहेरचा मनुष्य सहज म्हणून जातो की हा पावसाशी मांडलेला जुगारच होय. माझे म्हणणे असे की जुगारात, निदान पोकरच्या स्पर्धेत, खेळणाऱ्यास जी एक मुभा निरपवादपणे असते, तीच या कास्तकाराला नाही, आणि म्हणून ही उपमा त्याच्या स्थितीचे गांभीर्य कमी करून सांगते.

पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक जण ठरावीक प्रवेशशुल्क भरून सारख्याच चिप्स घेऊन बसतो आणि त्या संपल्या की उठतो. पाळी आली म्हणजे त्याने पैज लावावी, कोणी लावली नसेल तर ‘चेक’ म्हणून काहीही न लावता पाळी पुढे द्यावी, आणि दुसऱ्याने लावलेली असेल तर ती स्वीकारावी अथवा पत्ते टाकून डाव सोडावा, ज्याला आपल्याकडे तीन पत्तीच्या बैठकीत ‘पॅक’ होणे म्हणतात. समजा, हातातल्या दोन आणि पटावरच्या चार पत्त्यांत मिळून बदामाचे चार आहेत, शेवटचा एक पत्ता उघडायचा आहे आणि तो बदामाचा निघाला तरच डाव आपला आहे. न दिसलेल्या 46 पत्त्यांपैकी 9 बदामाचे. म्हणजे संभव साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. मध्ये 1,200 चिप्स जमल्या आहेत, प्रतिस्पर्ध्याने आणखी 400 लावल्या आहेत; आपण 400 घालून 1,600 मिळवू पाहतो, आणि हा व्यवहार तोट्याचा ठरू नये यासाठी संभव 20 टक्के हवा. रोखीच्या खेळात इतक्या बारीक फरकाने, पैज स्वीकारली काय आणि सोडली काय, दीर्घ मुदतीच्या हिशेबात फारसे बिघडत नाही. स्पर्धेत मात्र बिघडते. कारण अखेरीस साऱ्या चिप्स ज्याच्यापुढे गोळा होतात, त्यालाही बक्षिसाच्या रकमेचा केवळ एक हिस्सा मिळतो, बाकीची रक्कम आधी बाद झालेल्यांत क्रमाने वाटली जाते. यावरून निष्पन्न होते ते हे, की प्रत्येक नव्या चिपेचे मोल आधीच्या चिपेहून कमी असते, आणि जिंकलेल्या 400 पेक्षा गमावलेल्या 400 अधिक जड जातात. आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सर्वांचे बक्षीस निश्चित होणार आहे, अशा वेळी तर जाणता खेळाडू याहून पुष्कळ चांगले पत्तेही निमूटपणे टाकून देतो. ज्याच्यापाशी थोडे आहे त्याला हानी अधिक बोचते आणि लाभ तेवढा सुखवीत नाही, हे तत्त्व डॅनियल बर्नुलीने 1738 सालीच गणिताने मांडले होते.

डाव सोडता येणे ही या खेळातील दुय्यम गोष्ट नव्हे. तोच त्याचा कणा आहे. महाभारतातील युधिष्ठिराचे दुर्दैव अक्षविद्येच्या अज्ञानातून उद्भवले हे खरे, परंतु त्याहूनही ते त्याच्या व्रतातून उद्भवले; आह्वान आले असता माघार घ्यायची नाही, असे व्रत घेऊन त्याने स्वतःचा परतीचा दरवाजा स्वतःच बंद करून घेतला होता.

इचोड्याच्या कास्तकाराने असले कोणतेही व्रत घेतलेले नाही. त्याचा दरवाजा इतरांनी बंद केला आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज कापूस पेरू नये, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला त्याला तोंडपाठ असतो. परंतु पेरा लांबला की उतारा घटतो, मक्त्याची रक्कम आगाऊ भरलेली असते आणि बियाणे ज्याच्याकडून उधारीवर आणले तो दुकानदार हंगामावर नजर ठेवून असतो. म्हणून पहिल्याच दमदार सरीवर सरकी टोबली जाते, मग दोन आठवडे उघडीप पडते, आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. 2025 साली बीटी सरकीच्या पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर 1,802 रुपये मातीत गेले, आणि तितकेच पुन्हा घालावयाचे, तेही मजुरी वेगळी ठेवून. आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम सोडली तर पोकरमध्ये दोन पत्ते पाहून मग पैज लागते. येथे एकही पत्ता उघडण्यापूर्वी सारी पुंजी मांडावी लागते.

वेचणी झाल्यावर तरी ‘चेक’ म्हणण्याची सोय असावी, तर तीही नाही. भारतीय कापूस निगमाच्या खरेदीत आर्द्रता 8 टक्क्यांपर्यंत असली तरच पूर्ण आधारभूत किंमत मिळते, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक कपात होते, आणि 12 च्या वर कापूस नाकारला जातो. थांबून वाळवावा म्हटले तर तो ठेवायचा कोठे? पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेल्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते, चुलीची ठिणगी पडेल या भीतीने घरातील बाई रात्री नीट झोपत नाही, आणि वाळून वजन घटते ते निराळेच. शेवटी ओला माल खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

जुगार आणि कापूस या दोहोंबाबतचे सरकारचे धोरण शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या मामल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्ती केवळ नशिबाची. कौशल्याच्या खेळाला जुगारबंदीतून असलेली ही सवलत तेलंगणाने 2017 साली काढून घेतली, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यास 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मला हे योग्य वाटते. घर बुडते ते पैज लावल्याने, बुद्धी चालवली की नाही यावर ते अवलंबून नसते. परंतु त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, कापसावरील 11 टक्के आयातशुल्क माफ झाले, आणि पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवण्यात आली. आधारभूत किंमत (लांब धाग्यास क्विंटलला 8,110 रुपये) मे महिन्यात, पेरणीपूर्वी, जाहीर झाली होती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे; पण शुल्कमाफी आली तेव्हा शेतात कापूस उभा होता आणि कास्तकाराची सारी पैज लागून गेली होती. पोकरच्या स्पर्धेत सक्तीची रक्कम कोणत्या वेळी किती वाढेल, याचे वेळापत्रक पहिला पत्ता वाटण्यापूर्वी जाहीर होते आणि मध्येच बदलत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने घरे वाचवण्यासाठी तो खेळ निषिद्ध ठरवला, तिने निदान त्या खेळाइतका तरी नेमस्तपणा शेतकऱ्याशी पाळावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

तेलंगणाने 2018 च्या मे महिन्यात ‘रयतु बंधू’ योजनेखाली हंगामास एकरी 4,000 रुपये देण्यास आरंभ केला, ते पाऊल मी मोठे मानतो, कारण त्याने बियाण्याची उधारी काही अंशी तरी टळली. मात्र पैसा ज्याच्या नावे जमीन त्याला मिळाला. मक्त्याने कसणारा, ज्याला थांबण्याची सर्वांत अधिक गरज, तो कोरडाच राहिला. 2020 साली राज्य प्रधानमंत्री पीकविमा योजनेतून बाहेर पडले, तेव्हा हरलेल्या डावाची थोडीफार भरपाईही गेली. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. तूर, सोयाबीन, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने उचलता येते आणि भाव येईतो सहा महिने थांबता येते. कास्तकाराला ‘चेक’ म्हणता यावे यासाठी याहून सरळ उपाय मला दिसत नाही.

इचोड्यात कापसाला गोदाम आणि गोदामातल्या कापसावर कर्ज मिळावे, जमिनीचा पट्टा नसलेल्या मक्तेदाराची नोंद तहसील कचेरीत होऊन त्याला दुबार पेरणीचे बियाणे मिळावे, आणि आयातशुल्कासंबंधीचा निर्णय आधारभूत किमतीबरोबरच मेअखेर जाहीर होऊन वेचणी संपेपर्यंत बदलू नये.