शिकावे कुणासाठी?

विज्ञान शिकून मुलांची श्रद्धा ढळेल, अशी भीती आपल्यापैकी काहींना वाटते. मुंबईत १८६९ साली येशूसंघीयांनी स्थापन केलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला आजही फादर ब्लॅटर यांचे नाव आहे. झाडापाल्याचा अभ्यास करूनही ते अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले.

खरी भीती वेगळी आहे. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी वणवण फिरतात. पाणी कुठे मुरते, किती अडवता येईल, हे गणित-विज्ञानच सांगते. ते शिकून आपल्या मुलांनी पाड्यांकडे पाठ फिरवली, तर दोष विज्ञानाचा नव्हे. ‘शीक आणि चांगली नोकरी मिळव’ एवढेच सांगणाऱ्या आपला असेल.