थंडीतला मेगर

चि. ताईस,


द्रासच्या सबस्टेशनवर नेमणूक झाल्याचे कळले. फार आनंद झाला. २०१९ साली श्रीनगर–लेह २२० केव्ही लाइन सुरू होऊन लडाख राष्ट्रीय ग्रिडला जोडला गेला. तिथे ऐन हिवाळ्यात ट्रान्सफॉर्मर गेला, तर लोकांचे काय हाल होतील, हे तुला सांगायला नको. म्हणून हे पत्र.

थंडीत इन्सुलेशन तपासणारा मेगर फार मोठे आकडे दाखवतो. त्यांवर भाळू नकोस. तापमान दहा अंशांनी उतरले की इन्सुलेशनचा रोध ढोबळमानाने दुप्पट होतो. २० अंशांना ५०० मेगोहम दाखवणारे वाइंडिंग उणे २० ला ८,००० दाखवेल, आणि त्यातले पाणी तेवढेच असेल. गोठलेल्या पाण्यातून तर वीज फारच कमी वाहते, त्यामुळे इन्सुलेशनमधला वीजक्षय दाखवणारा टॅन डेल्टाही चांगला येतो. तेव्हा आकड्याशेजारी वाइंडिंगचे तापमान लिहिलेले नसेल, तर ते रीडिंग मी रीडिंग मानत नाही.

तेलाचा अहवालही असाच फसवतो. खनिज तेलात ६० अंशांना सुमारे २४० पीपीएम पाणी विरघळते, शून्याला जेमतेम २०-२२. म्हणजे २० पीपीएमचे तेल गरम असताना कोरडे, आणि शून्याला जवळजवळ तुडुंब! शिवाय तेल गार झाले की पाणी वाइंडिंगच्या इन्सुलेशन-कागदात शिरते. खरा साठा तिथेच असतो: पाच टन कागदात दोन टक्के ओल म्हणजे शंभर किलो पाणी, तर चाळीस टन तेलात २० पीपीएम म्हणजे किलोभरसुद्धा नाही. जे पाणी तेलात मावत नाही, ते मोकळे होऊन तळाशी बसते, गोठते. बर्फ तेलावर तरंगू नये म्हणून तर तेलाच्या घनतेवर मानकात मर्यादा घातली आहे. बरेच दिवस बंद राहिलेला ट्रान्सफॉर्मर तसाच चार्ज करण्यातला धोका म्हणजे हेच मोकळे पाणी.

म्हणून नमुना काढायचा तो काही दिवस स्थिर लोडवर गरम राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, तळच्या व्हॉल्व्हमधून, तेलाचे तापमान टिपून. मेगर आणि टॅन डेल्टा शटडाउन मिळताच, ऊब असेतो उरकायचे. बुशिंगवरचे दव आधी पुसून घे, नाहीतर रीडिंग उगाच पडेल. ट्रान्सफॉर्मर गारच पडून असेल, तर आधी तापवण्याची सोय माग. वरिष्ठ घाई करतील, तरी माग.

आणि नमुन्याची बाटली उबदार खोलीत आणलीस की ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत बूच काढू नकोस. नाहीतर खोलीतली वाफ आत धरते, आणि ते पाणी अहवालात ट्रान्सफॉर्मरच्या नावावर चढते.

तुझा,
काका